मनूचे डोळे, बाबांचे ड्रॉप्स

ती. बाबा आणि सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "पुण्यात लेसरनं डोळे घारे करून देतात म्हणे, किती पैसे लागतात तेवढं बघ." मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, धाकटी मनू बाजूलाच बसलेली असणार, म्हणून मी नुसतं "बघते" म्हणून फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही. हे फोनवर बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं, म्हणून लिहितेय. बाबांना आणि मनूला बसवून वाचून दाखव.

पैसे मी विचारणार नाही. मनूच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. बार्शीच्या स्थळाबरोबर आलेल्या त्या आत्याबाईंनी "मुलगी छान आहे, डोळे तेवढे घारे असते तर" असं म्हटलं, ते तिच्या मनाला लागलंय, हे मला कळतं. मलाही लागलं. पण त्यासाठी धडधाकट डोळ्यावर लेसर मारून घ्यायचा? दिवाळीत ती माझ्याकडे आली होती तेव्हा डोळे तपासायच्या यंत्रावर, स्लिट लॅम्पवर, बसवून मी तिचे डोळे नीट बघितलेत. लांबून काळे दिसतात, पण काळे नाहीत ते. गर्द तपकिरी आहेत. बाहुलीभोवती झालरीसारखी किनार, तिथून बाहेर गेलेले बारीक बारीक तंतू, आणि डाव्या डोळ्यात खालच्या अंगाला एक चिमुकला तीळ. आई, तुझ्याही डाव्या डोळ्यात तसाच आहे. तुम्हाला दोघींना ठाऊकही नसेल.

मनूनं जो व्हिडिओ पाठवला तो मी दोनदा बघितला. त्यात सांगतात की तपकिरी रंगाच्या खाली निळा डोळा लपलेला असतो. तसं नसतं गं. निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. आपल्या कातडीत असतं तेच मेलॅनिन डोळ्याच्या रंगीत पडद्यात असतं. कुणाच्या पडद्यात ते फार कमी असलं की आत गेलेला उजेड विखुरतो आणि डोळा निळसर भासतो, आभाळ भासतं तसा. घाऱ्या डोळ्यांचंही तेच, मेलॅनिन कमी. लेसरवाले काय करतात, तर पडद्याच्या वरच्या थरातलं मेलॅनिन फोडतात. अमेरिकेतल्या एका कंपनीनं 2011 साली याचा गाजावाजा केला होता. आज इतकी वर्षं झाली, तिथल्या औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं डोळ्याचा रंग बदलायला अशा लेसरला अजून मान्यता दिलेली नाही. आणि एकदा गेलेला रंग परत येत नाही. पस्तावलं तरी उपयोग नाही.

बाबा, पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. फोडलेला रंग जातो कुठे? डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होत असतं, आणि रंगीत पडदा नि पुढची काच जिथे भेटतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून ते निचरून जातं. आपल्या कारखान्यामागच्या गटाराची जाळी आठवा. मागावरचं तूस साचून साचून ती बुजली होती आणि पहिल्याच पावसात पाणी चादरींच्या गठ्ठ्यांपर्यंत आलं होतं. मेलॅनिनचे कण त्या डोळ्यातल्या जाळीत तसेच अडकू शकतात. डोळ्यातलं पाणी बाहेर सांडत नाही, आतला दाब चढत जातो. पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजला तर साधारण 10 ते 21 असायला हवा, तो 30-40 वर गेला की मागची नस सुकायला लागते. यालाच काचबिंदू म्हणतात. शिवाय रंगीत पडद्याला सूज येऊ शकते ती वेगळीच.

दुसरी एक पद्धत आहे, त्यात लेसरनं पुढच्या काचेत पोकळी करून रंग भरतात, गोंदवल्यासारखा. तिसरीत रंगीत सिलिकॉनची चकती आत बसवतात. त्या चकत्यांनी काचबिंदू होऊन, पुढची काच खराब होऊन त्या काढाव्या लागलेले लोक जगभर आहेत. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकॅडमीनं जानेवारी 2024 मध्ये या दोन्हींबद्दल लोकांना सावध केलं. आणि मनू, तू ते रंग बदलणारे ड्रॉप्स ऑनलाइन मागवले असशील तर डोळ्यात टाकू नकोस. शपथ आहे माझी.

आता आजीचं बोलते. आपल्या घरात कुणी हा विषय काढत नाही, पण मला काढायचाय. शेवटच्या चार वर्षांत आजीला दाराची चौकट लागायची, बाजूनं कुणी आलं की ती दचकायची. पण हातात नोट दिली तर दहाची की पन्नासची बरोबर सांगायची. म्हणून आपण सगळे म्हणालो, मोतीबिंदू असंल, पिकला की काढू. तीही तेच म्हणायची, "समोरचं दिसतंय की मला." काचबिंदूत असंच होतं. आधी कडेचं जातं, समोरचं शेवटी. बहुतेकदा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, कुणाला कळत नाही. मी बारावीत होते त्या वर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत मी तिचा हात धरून उभी होते. हलगी वाजत होती, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं समोरून निघाली होती, आणि ती मला विचारत होती, "नंदीध्वज आले का गं?" सातही उंच नंदीध्वज तिच्यासमोरून गेले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नजर परत येते. काचबिंदूनं नेलेली येत नाही. मी हे शिकायला गेले ते त्या दिवसामुळे.

म्हणून, बाबा, आता तुमच्याकडे येते. दिवाळीत तुमच्या फ्रिजच्या दारात, शेंगा चटणीच्या बरणीशेजारी, एक ड्रॉप्सची बाटली होती. लेबलवर लाल रेघ होती, टोकाला पापणीची घाण लागून वाळली होती. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "तुसानं डोळे लाल होतात, मेडिकलवाला देतो, दोन थेंबांत मोकळं वाटतं." मी बाटली वाचली. त्यात स्टेरॉइड आहे. मोकळं वाटतं ते त्यामुळेच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते कुणाला द्यायचंच नसतं, ती लाल रेघ त्याचसाठी असते. हे ड्रॉप्स आठवडेच्या आठवडे टाकत राहिलं तर काही माणसांच्या डोळ्यातला दाब चढतो, आणि ज्यांच्या आईला किंवा वडिलांना काचबिंदू होता त्यांना हा धोका जास्त. तुमच्या आईला होता, बाबा. मोतीबिंदूही यानं लवकर येतो. मी तेव्हा पाहुण्यांसमोर बोलले नाही. ते चुकलं माझं.

तुम्ही चाळीस वर्षं मागावर उभे राहून आम्हा दोघींना शिकवलंत, डोळ्याला त्रास झाला तरी रजा घेतली नाहीत, रोजचा पगार बुडेल म्हणून. आता पगाराचा प्रश्न नाही. सोमवारी सकाळी सिव्हिलच्या नेत्रविभागात किंवा आपल्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ती बाटली फेकू नका, पिशवीत घालून सोबत न्या आणि किती महिने टाकताय ते खरं सांगा. तुमच्या आईला काचबिंदू होता हेही सांगा. दाब मोजायला सांगा, नस बघायला सांगा. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर चार-पाच तास अंधुक दिसेल, तेव्हा स्कूटर नेऊ नका, रिक्षानं जा. आई, तू पण तपासून घे, चाळिशीचा नंबर वाढलाय म्हणत होतीस.

मनूचं मी बघते. तिला लग्नात एखाद्या दिवशी घारे डोळे हवेच असतील तर मी स्वतः मापं घेऊन रंगीत लेन्स देईन, घालायची-काढायची कशी ते शिकवीन. पण पार्लरमधून आणलेली नको, मैत्रिणीची तर नकोच, नळाचं पाणी लावायचं नाही आणि लेन्स घालून झोपायचं नाही. तेवढं पाळलं तर माझी हरकत नाही. बार्शीवाल्यांना मात्र माझ्याकडून नकार कळवा. आई, तू म्हणशील स्थळ चांगलं आहे, नोकरी सरकारी आहे. पण पहिल्याच भेटीत डोळ्यांचा रंग काढणाऱ्या घरात मनूला पाठवायला मी तयार नाही.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघते, रात्री घरी येईन. जेवायला थांबू नका, माझ्यासाठी भाकरी झाकून ठेव. सोमवारी बाबांसोबत मीच जाईन. तोवर ते ड्रॉप्स डोळ्यात घालायचे नाहीत. त्याआधीच डोळा दुखला किंवा फार लाल झाला तर सोमवारची वाट न बघता लगेच डॉक्टरांना दाखवा आणि मला फोन करा, मध्यरात्र असली तरी.

तुमची,
ताई

ता. क. मनू, तो तीळ बघायचा असेल तर सकाळी गच्चीवर जा, आरशात डावा डोळा उन्हाकडे थोडा तिरका धर आणि खालची पापणी ओढ. मग आईचा बघ.