बाबांच्या रिपोर्टमधील 18 या आकड्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘व्हिटॅमिन ए’च्या ओळीत 18 हा आकडा आहे, शेजारी 20 ते 60 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा छापली आहे, आणि तुम्ही 18 भोवती लाल पेनाने दोनदा गोल काढला आहे. त्या रात्री तुम्हाला झोप लागली नाही असे आई म्हणाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ही तपासणी रक्तातील रेटिनॉल, म्हणजे रक्तात फिरणारे अ जीवनसत्त्व, मोजते. शरीरातील बहुतेक अ जीवनसत्त्व मात्र रक्तात नसते, ते यकृतात साठवलेले असते, आणि यकृत त्यातून रक्ताला लागेल तेवढेच सोडत राहते. त्यामुळे साठा बराच कमी झाला तरी रक्तातील आकडा पुष्कळ काळ ठीक दिसतो आणि साठा संपत आल्यावरच तो खाली येतो. एवढे वाचून तुम्ही म्हणाल की मग 18 म्हणजे साठा संपलाच. तसे सरळ म्हणता येत नाही, कारण यकृतातून निघालेले रेटिनॉल एकटे फिरत नाही. यकृतच तयार करत असलेले एक प्रथिन त्याला वाहून नेते. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना हे प्रथिन रक्तात कमी होते आणि साठा भरलेला असूनही आकडा घसरतो. जस्ताची कमतरता, प्रथिनांचे कुपोषण आणि यकृताचे आजार यांतही असेच घडते. उलट मूत्रपिंडे कमजोर असली तर आकडा फसवा वाढलेला दिसतो. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे तुमचे क्रिएटिनिन याच कागदावर ठीक आहे, तेव्हा तो मुद्दा सोडून देते.

रक्त दिले त्या आठवड्यात तुम्हाला ताप आणि खोकला होता. हे तुम्ही डॉक्टरांना सांगितले होते का? नसेल तर आधी ते सांगा, आणि पूर्ण बरे झाल्यावर काही आठवड्यांनी हीच तपासणी सीआरपीबरोबर पुन्हा करावी का, हे त्यांना विचारा. सीआरपीवरून अंगात दाह आहे की नाही ते कळते. पुन्हा जाल तेव्हाही उपाशीपोटीच जा. नळीला चांदीचा कागद का गुंडाळला, असे तुम्ही विचारले होते. रेटिनॉल उजेडाने नष्ट होते, म्हणून ती काळजी घेतात, आणि ती घेतलेली पाहून मला बरेच वाटले.

संध्याकाळनंतर अंधुक दिसते ही तुमची तक्रार मात्र मी या आकड्यावर ढकलणार नाही. अंधारात पाहण्यासाठी डोळ्याला अ जीवनसत्त्व लागते आणि रातांधळेपणा हे त्याच्या कमतरतेचे जुने, ओळखीचे लक्षण आहे, हे खरे. पण तुमच्या वयात मोतीबिंदूनेही असेच होते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे टाळू नका.

आता आई, तुझ्याविषयी. बाबांना मल्टिव्हिटॅमिन आणि माशाच्या यकृताच्या तेलाची कॅप्सूल अशा दोन्ही गोळ्या तू सुरू केल्यास, आणि त्यामागची तुझी काळजी मला समजते. परंतु क जीवनसत्त्व जसे जास्त झाले की लघवीवाटे निघून जाते, तसे या गोळ्यांतल्या अ जीवनसत्त्वाचे होत नाही. हे चरबीत विरघळते आणि साठत राहते. मोठ्या माणसाने तयार रेटिनॉल दिवसाला 3000 मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे डबीवरच्या भाषेत 10,000 आययूपेक्षा (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक), जास्त घेऊ नये असे सांगतात. त्यापलीकडे दीर्घकाळ घेतल्यास डोकेदुखी, मळमळ, यकृताला इजा आणि हाडे ठिसूळ होणे असे त्रास संभवतात, आणि गंमत अशी की रक्ताची ही तपासणी जास्तीचा साठाही वेळेवर पकडेलच याची खात्री नाही. गाजरासारख्या भाज्यांतल्या बीटा कॅरोटीनचे तसे नाही, ते शरीर गरजेप्रमाणे अ जीवनसत्त्वात बदलून घेते.

म्हणून डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत त्या दोन्ही थांबव, आणि दोन्ही डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आजच पाठव. एका गोळीत किती आययू आहेत ते मला पाहायचे आहे.

तुमची,
लेक