लसूण सोलणाऱ्या हातांकडेही पाहावे

मा. संपादक,
स. न.

दादर, घाटकोपर अशा स्थानकांबाहेर सोललेल्या लसणाच्या आणि चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या आपण घाईघाईने विकत घेतो. त्या सोलणाऱ्या बायकांच्या हातांकडे मात्र आपले लक्ष जात नाही. माझ्या वहिनी परळला घरी बसून सात वर्षे हे काम करीत होत्या. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची कातडी कोरडी पडून भेगाळली; मीठ लागले की डोळ्यांत पाणी यायचे. कुणी साबण बदलायला सांगितले, कुणी नायटा म्हटले. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळालेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने चार दिवस बरे वाटे आणि भेगा पुन्हा उघडत. अखेर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ॲलर्जी तपासण्याची चाचणी) झाली, तेव्हा कारण लसूण निघाले. उजव्या हातात सुरी आणि डाव्या हाताच्या तीन बोटांत पाकळी, म्हणून त्रास नेमका त्याच तीन बोटांना, हे तोवर कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

सुरण-अळूची खाज आणि त्यावर चिंच किंवा कोकम चोळण्याचा उपाय आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण ती ॲलर्जी नव्हे. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचल्याने ती कुणालाही होते. लसणातील डायअलिल डायसल्फाइड या द्रव्याची ॲलर्जी काही जणांनाच, तीही कित्येकदा वर्षानुवर्षे हाताळल्यानंतर होते आणि स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे कशाने काय झाले याची सांगड त्या बाईला स्वतःला घालता येत नाही. (शेवंती हाताळणाऱ्या काही फुलवाल्यांनाही अशीच ॲलर्जी होते.) नुसते ‘हातमोजे घाला’ म्हणूनही भागत नाही, कारण लसणातले हे द्रव्य लॅटेक्सच्या म्हणजे नैसर्गिक रबराच्या मोज्यांतून आरपार जाते, नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे त्यातल्या त्यात बरे.

महापालिकेच्या दवाखान्यात हात दाखवायला आलेल्या बाईला ‘काम काय करता, कोणत्या हातात काय धरता’ एवढे विचारले जावे आणि शंका आल्यास पॅच टेस्टसाठी पाठवावे, ही माझी विनंती आहे. पाठीवर लावलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढून त्यानंतर पुन्हा एकदा तपासाव्या लागतात. तेवढ्या फेऱ्यांत तिचा रोज बुडतो, हेही वेळ देताना लक्षात घ्यावे. घरोघरी लसूण सोलायला देणाऱ्या केटररांनी मोज्यांचा खर्च स्वतः उचलावा.

लसणाचे काम सोडल्यावर दीड-दोन महिन्यांत वहिनींची बोटे भरून आली. त्यांच्याबरोबर सोलायला बसणाऱ्या दोघींची तीच तीन बोटे भेगाळलेली आहेत आणि त्या अजून साबण बदलत आहेत.

— एक वाचक, लालबाग, मुंबई