पश्चिमेची काच आणि तुझा कॅमेरा

प्रिय बंड्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, राग धरू नकोस. माझा गुडघा आता बरा आहे. तुझ्या कला-रेसिडेन्सीतल्या, माणसाच्या हालचालीवर उजळणाऱ्या दिव्यांच्या भिंतीचा आराखडा आणि हॉलचे फोटो पाहिले आणि एकच काळजी लागली. फोटो सगळे सकाळचे आहेत. दर्शनी भिंत पूर्ण काचेची, तीही पश्चिमेची. दुपारी चारला तिथे काय होतं, पाहिलंस का?

तुझा डेप्थ कॅमेरा स्वतः इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, सोडतो आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर काढतो. उन्हात इन्फ्रारेड इतका असतो की कॅमेऱ्याचा प्रकाश त्यात बुडून जातो आणि डेप्थच्या चित्राला भोकं पडतात. २०१० मधल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या किनेक्ट कॅमेऱ्यापासून हेच चाललंय. भर म्हणून काही काळे कपडे इन्फ्रारेड शोषतात आणि चकचकीत फरशीवरून तो उलटून आला की अंतरं चुकतात. स्टुडिओत पडदे ओढून चाचणी केलीस तर यातलं काहीच दिसणार नाही. म्हणून कोड लिहिण्याआधी कॅमेरा नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर बांध आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला डेप्थचं चित्र साठव. भोकं दिसली तर सेन्सर बदल, सॉफ्टवेअरने ती बुजवत बसू नकोस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे: हात उचलला की भिंत फुलली पाहिजे. आणि मी पुन्हा तेच म्हणणार, माणूस जवळ आला एवढं कळलं तरी पुष्कळ. राफाएल लोझानो-हेमर या कलाकाराच्या ‘पल्स रूम’ या मांडणीत (२००६) माणूस फक्त दांडे हातात धरतो, त्याच्या नाडीबरोबर एक बल्ब लुकलुकतो, आणि दांडे सोडले की ते ठोके रांगेतल्या पुढच्या बल्बकडे सरकतात. सूचनेची पाटी लागत नाही. पाटीवरून आपलं किती वाजलं होतं! तेव्हा तुझाच आवाज मोठा होता, पण मत माझंच बरोबर होतं. २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार उन्हाला दाद देत नाही. त्याला हाताचा आकार कळत नाही, पण कोणी आलं आणि साधारण किती दूर आहे एवढं कळतं. निदान पर्याय म्हणून तरी ठेव.

एलईडी पट्ट्यांचंही बघ. ५ व्होल्टचे ३०० डब्ल्यूएस२८१२बी दिवे पूर्ण पांढरे लावले, तर प्रत्येकी ६० मिलिअँपिअरने १८ अँपिअर होतात. वीज एकाच टोकाला दिलीस तर दूरचं टोक पिवळट-लाल पडेल. मधूनमधून वीज जोड. दिवे चालवणाऱ्या ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डाचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, मध्ये तो ५ व्होल्टचा करणारा लेव्हल शिफ्टर घाल. डेटाच्या तारेच्या सुरुवातीला ३३० ओहमचा रोध घाल आणि बोर्ड व दिवे दोन्हीकडची ग्राउंडची (ऋण) तार एकत्र जोड. ग्राउंड विसरलं की दिवे वेड्यासारखे नाचतात आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

खरी धास्ती मात्र उद्घाटनानंतरच्या दिवसांची आहे. तू नसशील, वीज जाईल, सफाई करताना केबल निघेल. संगणकाच्या बायोसमध्ये (मूळ सेटिंगमध्ये) वीज आली की संगणक आपोआप सुरू होईल असं ठेव, कार्यक्रम बंद पडला तर पुन्हा उठवणारा वॉचडॉग लाव, अपडेट थांबव. यूएसबी ३ ची साधी केबल तीन मीटरच्या पुढे नेऊ नकोस, लांब हवी तर अॅक्टिव्ह, म्हणजे वाटेत सिग्नलला जोर देणारी, घे. अझुर किनेक्टचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं, तेव्हा तो वापरणार असशील तर जास्तीचा एक आधीच मिळव. आणि रखवालदारासाठी एक पान: बटणाचा फोटो, कुठलं आधी, कुठलं नंतर, तुझा नंबर. भिंतीवर चिकटव, फाइलमध्ये नको.

आईच्या डोळ्यांचं काय झालं? नवीन घर लागलं का? वहिनींना नमस्कार.

चारच्या उन्हातलं डेप्थचं चित्र आधी पाठव, मग सेन्सरचं ठरवू.

तुझा,
दादू