माडीवरच्या शनिवारच्या वर्गासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी मुलांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गाचा जो गोंगाट चालतो, त्याबद्दल हे पत्र. (शेजारच्या काकूंची तक्रार पोचली आहे. खिडकी लावून घेतो.)

वर्ग उभा राहिला तो रेडिओवाल्या अण्णांमुळे. दुकान बंद केलं त्याच दिवशी त्यांनी सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि श्रीखंडाच्या डब्यांत निगुतीने लावलेले रेझिस्टर हातगाडीवर घालून इथे आणले. तो मीटर आजही बिनचूक चालतो. डॉ. कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला काढलेला विज्ञान आश्रम (हाताने काम करत शिकायची शाळा) आपले गुरुजी पाहून आले आणि परतीच्या एसटीतच त्यांनी वर्गाचं टिपण केलं. पहिले चार आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम घालून दिवे, सेन्सर चालवता येतात अशा छोट्या इलेक्ट्रॉनिक पाट्या) वरच्या आळीतल्या मुंबईकरांनी दिले, आईच्या वर्षश्राद्धाचा खर्च आटोपता घेऊन. हे ऋण फिटणारं नाही.

मे महिन्यात मुलांनी गच्चीवरच्या टाकीत सेन्सर बसवला. आपल्याला ऐकू न येणारा आवाज तो सोडतो आणि प्रतिध्वनीला किती वेळ लागला ते सांगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. पोरांनी प्रोग्रॅममध्ये गुणाकार घातला, तर तीन फुटांची रिकामी टाकी सहा फूट खोल निघाली! वायरी तपासल्या, बोर्ड बदलला, तरी सहाच. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आवाज जाऊन परत येतो ना? आपण जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं धरलंय." दोनाने भागलं, टाकी जागेवर आली. प्रतिध्वनीचा धडा आम्हीही घोकला होता, पण आमच्या हातून कुठली टाकी मोजली गेली नाही.

आता अडचण. चारपैकी दोन बोर्ड पावसाळ्याच्या ओलीने गेले, पिनांवर हिरवट थर धरला. मुलं २६, संगणक एक. चपळ पोरं कीबोर्ड धरून बसतात, मुली मागे उभ्या राहून बघतात. हे मला बघवत नाही.

गेल्या वर्षी ६० पत्रं वाटली. उत्तरं आली ४. एक पत्र 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत आलं. घर वाचनालयाच्या समोरचंच आहे. उत्सवाच्या रोषणाईची वर्गणी मात्र एका संध्याकाळी जमते. जमू दे, आनंदच आहे. फक्त गेल्या खेपेला ते दिवे एकामागून एक पळते करणारा प्रोग्रॅम याच वर्गातल्या पोरांनी लिहिला होता, एवढं कानावर घालतो.

हवं ते असं: आर्डुइनो उनो ६ (मूळ कंपनीचेच हवेत असं नाही), ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय वायरी खोचून सर्किट जोडायची पाटी) तेवढेच, जोडवायरी, एलईडी, २२० ओहमचे रेझिस्टर, जुने पण चालू लॅपटॉप २-३, हवाबंद डबे. एका संचाला अंदाजे हजार-बाराशे रुपये. रोख किंवा वाचनालयाच्या नावे चेक, ग्रंथपाल बाईंकडे, सायं. ५ ते ८, सोमवारी बंद. पावती लगेच. ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) नाही, कृपया विचारू नये. गणेशचतुर्थीच्या आधीच्या शनिवारपर्यंत द्यावे, नंतर माडीवर उत्सवाचं सामान येतं.

आपला,
कार्यवाह

ता. क. बंद रेडिओ, जुने चार्जर, खेळण्यातल्या मोटारी भंगारात देऊ नका, आम्हाला द्या. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या मात्र आणू नका. मागे एक आली होती, अण्णांनी ती चिमट्यात धरून अंगणात नेली.