इंजिन बांधायचे की बदलायचे

जिंतूर, जि. परभणी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

धाकट्याची दुधाची गाडी, म्हणजे आमची २००९ सालची स्प्लेंडर, सध्या मिस्त्रीकडे उघडून ठेवलेली आहे. तिचे इंजिन बांधायचे, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा जुळवायचे, दुसरे बसवायचे की गाडीच नवी घ्यायची, हा निर्णय तुझे मत घेतल्याशिवाय करू नये असे मला वाटते. लातूरच्या एमआयडीसीत लेथवर तुझी हयात गेली आहे. इथे जो तो अंदाजाने सल्ला देतो आणि मला मोजून सांगणारा माणूस हवा आहे.

येलदरीकडून दुधाचे कॅन घेऊन येताना पांदीतल्या दगडाचा मार बसून इंजिनखालचा ऑइलचा नट सैल झाला असावा, कारण तो जागेवर नव्हता. या गाडीत ऑइल संपल्याचा इशारा देणारा दिवा नसतो, त्यामुळे धाकट्याला पहिली शंका आली ती टकटक आवाजाने, आणि तो गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झाले होते. मिस्त्रीने खोलून दाखवले तेव्हा पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड क्रँकपिनजवळ तुटलेला होता, पिन जळून निळी पडली होती, पिस्टनचा खालचा भाग फुटला होता आणि तुटलेल्या रॉडने क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक ज्यात फिरते त्या दोन अर्ध्यांच्या ॲल्युमिनियमच्या डब्याच्या, पुढच्या भिंतीला दोन बोटे जातील एवढे भोक पाडले होते. ते भोक पाहूनच दुकानात जमलेल्या मंडळींनी इंजिन भंगारात काढायला सांगितले.

मला मात्र त्या भोकापेक्षा वेगळ्या जागेची काळजी आहे. पुढची भिंत ऑइल धरून ठेवते, तिच्यावर क्रँकचा भार येत नाही, आणि तिथे आर्गन वेल्डिंग चांगल्या हाताने झाले तर ते टिकते. क्रँकचा सगळा भार येतो तो दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या घरांवर, म्हणजे केसमधल्या ज्या गोल खाचांत बेअरिंग बसते त्यांच्यावर. रॉड तुटताना क्रँकला जो हिसका बसला असेल, त्याने ती घरे ढिली झाली असतील किंवा त्यांच्या कडेने बारीक तडा गेला असेल, तर बाहेरचे भोक कितीही सफाईने भरले तरी उपयोग नाही. तुला हे सांगायला नको, की ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणजे गार असताना जेमतेम घट्ट वाटणारे बेअरिंग आमच्या उन्हात, चाळीस लिटर दूध लादून चढ चढताना, आपल्या घरात फिरू लागेल. अशा वेळी घराच्या आत पंचाचे ठोके मारून बेअरिंग घट्ट बसवण्याची इथे सर्रास पद्धत आहे. मिस्त्री प्रामाणिक आहे आणि त्याचा हातही चांगला आहे, पण या एका बाबतीत मी त्याला स्पष्ट नकार दिला आहे, कारण ठोक्यांनी उठलेले ते टोकदार उंचवटे थोड्याच दिवसांत दबतात आणि मग आपण घातलेली नवी क्रँकही त्या जुन्या घराबरोबर जाते.

तडा शोधण्यासाठी मी एवढे करून पाहिले, की क्रँककेस धुऊन, वाळवून, बेअरिंगच्या घराभोवती आतून रॉकेल लावले आणि बाहेरून खडू फासून ठेवला. डाव्या अर्ध्यावर खडू कोरडा राहिला. उजव्या अर्ध्यावर भोकाच्या कडेपासून एक ओली रेघ वर चढली आहे, पण ती बेअरिंगच्या घरापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. ती तिथेच थांबते की पुढे इतकी बारीक होते की रॉकेलही झिरपत नाही, हे मला सांगता येत नाही. तू सांगू शकशील.

केस चांगला निघाला तर बाकीचे काम सरळ आहे. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमीचा आहे. त्यात ओरखडे खोल आहेत, पण ०.२५ पासून १ मिमीपर्यंत वाढीव मापाचे पिस्टन मिळतात आणि हा ब्लॉक आजवर एकदाही बोअर केलेला नाही. क्रँक प्रेसवर उघडून नवा रॉड, पिन आणि बेअरिंग घालता येईल. मात्र क्रँकच्या तव्यांमधली, म्हणजे तिच्या दोन जाड चकत्यांतली, पिनेची भोके वाढली असतील तर पूर्ण क्रँकच घ्यावी लागेल. या गाडीत इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर चालत असल्याने तुटलेल्या धातूचा चुरा गिअरपर्यंत गेलेला आहे, तेव्हा सगळी बेअरिंगे बदलायची आणि ऑइलच्या वाटा हवेने साफ करायच्या, यात काटकसर नको. मिस्त्री वेल्डिंग धरून बारा हजार सांगतो, मी मनाशी पंधरा धरले आहेत.

भंगार बाजारातले तयार इंजिन याहून स्वस्तात मिळते आणि घरातल्या सगळ्यांचा ओढा तिकडेच आहे. माझा त्याला ठाम विरोध आहे. ते इंजिन कोणत्या गाडीचे, ती गाडी अपघातातली की चोरीची, हे विकणारा सांगेल ते खरे मानावे लागते. शिवाय इंजिनचा क्रमांक आरसी बुकावर असतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते आणि मंजुरीशिवाय बदलले तर १४ दिवसांच्या आत कळवावे लागते. आपल्या गाडीची १५ वर्षांची मूळ नोंदणी संपल्यावर ग्रीन टॅक्स भरून तिचे पुन्हा ५ वर्षांसाठी नूतनीकरण झाले आहे, ती मुदत २०२९पर्यंत आहे. पुढच्या तपासणीत क्रमांक जुळला नाही किंवा उद्या अपघात होऊन विम्याचा प्रश्न आला, तर धाकटा त्यात भरडला जाईल. वाचलेल्या चार हजारांसाठी मी त्याला त्या फेऱ्यात टाकणार नाही.

नवी गाडी घेण्याबद्दल थोडक्यात लिहितो. मृग तोंडावर आहे, बी-बियाणे आणि खताचे पैसे आधी लागणार, आणि पेरणीच्या आधी हप्ता अंगावर घ्यायला धाकट्याचे मन तयार नाही. एप्रिल २०२०नंतरच्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. ते चांगलेच आहे, पण त्यात बिघाड झाला तर आमच्या गावात तो शोधणारे कोणी नाही. या जुन्या इंजिनचे सामान मात्र सेलू, मानवत, जिंतूर, कुठेही हात घातला की मिळते. म्हणूनच, केस वाचत असेल तर हेच इंजिन बांधावे, असा माझा कल आहे. केस गेला असेल तर कंपनीचा नवा केस, दोन्ही अर्धी जोडीने, परभणीच्या परिवहन कार्यालयात रीतसर अर्ज करूनच घालायचा. तो खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने जास्त वाटेल, तरी एका गाडीवर घरचे रोजचे दूध चालते तिथे मला तो योग्यच वाटतो.

केसची दोन्ही अर्धी लातूरच्या एसटीने तुझ्याकडे पाठवतो आहे. बेअरिंगच्या दोन्ही घरांची मापे तू गेजने घे, जोडाचा पृष्ठभाग सरफेस प्लेटवर वाकला आहे का ते पाहा, आणि ती रेघ कुठवर गेली आहे ते भिंगातून तपास. वेल्डिंग करायचे ठरले तर तुझ्या ओळखीच्या माणसाकडूनच करून घे. ॲल्युमिनियममध्ये मुरलेले ऑइल वेल्डिंगच्या वेळी वर येऊन वेल्डिंगच्या धातूत छिद्रे पडतात, म्हणून आधी केस नीट तापवून घ्यायला त्याला आठवणीने सांग, आणि वेल्डिंग झाल्यावर घरांची मापे पुन्हा घे. तुझा फोन येईपर्यंत पिस्टन आणि क्रँक मागवू नये असे मी मिस्त्रीला बजावले आहे. माप थोडेही सैल निघाले तर माझ्या कलाकडे पाहू नकोस, सरळ नाही म्हण.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र