पेपर किती ते कळलं, सापडलं काय ते सांगा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत एका किडनीच्या डॉक्टरांचा परिचय छापलात, माणूस मोठा आहे यात वादच नाही, पण अर्धा कॉलम नुसत्या आकड्यांत गेलाय. किडनीवर इतके रिसर्च पेपर, प्राण्यांच्या व्हायरसवर इतके, साइटेशन (म्हणजे दुसऱ्यांनी त्या पेपरांचा दिलेला हवाला) इतकी. आता किडनीचा आणि प्राण्यांच्या व्हायरसचा काय संबंध हे मात्र एका ओळीतही नाही, आणि खरी मजा तर तिथेच होती ना! मी मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो म्हणून हे जास्त खटकलं असेल कदाचित.

संबंध काय असतो ते कोरियाच्या डॉ. हो वांग ली यांच्याकडे बघा. कोरियन युद्धात 1951 पासून तीन हजारांवर परदेशी सैनिक एका विचित्र तापाने आजारी पडले, आधी ताप, मग रक्तस्राव, मग किडनी बसायची आणि लघवी बंद. कारण वीसेक वर्षं कुणालाच सापडेना. ली मूळचे जपानी मेंदूज्वराच्या व्हायरसवाले, साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकन आर्मीच्या पैशावर ते या तापाच्या मागे लागले, शेतातले पाठीवर काळा पट्टा असलेले उंदीर पकडायचे, त्यांचे अवयव कापून त्यावर बऱ्या झालेल्या पेशंटचं सिरम (रक्तातलं पाणी, त्यातल्या अँटीबॉडी म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं व्हायरस असेल तिथे चिकटतात आणि चमकणाऱ्या रंगाने दिसतात) टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली काही चमकतंय का बघत बसायचं, वर्षानुवर्षं हेच. 1976 मध्ये चमकलं, आणि गंमत म्हणजे रोग माणसाच्या किडनीचा पण चमकलं उंदराच्या फुफ्फुसात! उंदीर मात्र ठणठणीत. व्हायरस त्याच्या लघवी-विष्ठेतून बाहेर पडतो, वाळतो, धुळीबरोबर माणसाच्या नाकात जातो. या कामात लॅबमधल्या काही सहकाऱ्यांनाही तोच आजार झाला, हे कुठल्या बायोडाटात बसवणार?

पेपर आला 1978 मध्ये. तिथल्या हंतान नदीवरून व्हायरसला हंतान म्हणाले, त्यावरूनच आजचं हंटाव्हायरस. पुढच्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं की स्वीडन वगैरे भागातला साथीचा किडनीचा आजारही याच्याच नात्यातला आहे, म्हणजे तिकडे ज्याचं नुसतं वर्णन होतं त्याचा धागा कोरियातल्या उंदरामुळे लागला. मग सोलमधल्या शहरी घुशी-उंदरांतही भाऊबंद सापडला, 1990 च्या सुमारास कोरियात लसही आली. 2021 मध्ये साइटेशनवाल्या क्लॅरिव्हेट कंपनीने लींना नोबेलच्या तोडीचे म्हणून निवडलं, 2022 मध्ये ते गेले, नोबेल राहिलंच.

आपल्याकडे प्रमोशनला पेपर लागतात, नियमच आहे, मग पैसे भरून छापणारी जर्नलं निघणारच. पुणे विद्यापीठातल्या मंडळींनी 2018 मध्ये करंट सायन्स या जर्नलमध्ये लिहिलं होतं की विद्यापीठांनी यूजीसीला (विद्यापीठ अनुदान आयोगाला) मान्य यादीसाठी सुचवलेल्या जर्नलांपैकी जी या मंडळींनी तपासली त्यातली 88 टक्क्यांहून जास्त कमअस्सल निघाली. तुमच्या डॉक्टरांचे पेपर तसले आहेत असं मी अजिबात म्हणत नाही हो, पण नुसत्या आकड्यावरून वाचकाला ते कळणार कसं?

आणि हे सगळं लांबचं आहे असंही नाही. तमिळनाडूत वेल्लोरजवळ 1964 मध्येच एका चिचुंदरीत व्हायरस मिळाला होता, म्हणजे कोरियाच्याही आधी, तो हंटाच्याच खानदानातला हे नंतर लक्षात आलं. त्याच्यामुळे माणूस आजारी पडतो असं काही सिद्ध नाही, पण दक्षिणेत लोकांच्या रक्तात हंटाच्या अँटीबॉडी मिळाल्यात. आपल्याकडे पावसाळ्यात ताप आणि किडनी खराब म्हटलं की आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आठवतो, आणि बरोबरच आहे, मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून तो होतोच, तोही उंदराच्या लघवीतून, फक्त तो बॅक्टेरिया आहे, व्हायरस नाही.

तेव्हा त्या डॉक्टरांना पुन्हा एकदा गाठा. कुठला प्राणी, कुठला व्हायरस, आणि त्यातून पेशंटसाठी काय निघालं एवढं विचारा. आणि किडनी बसलेल्या तापाच्या पेशंटची लेप्टोची टेस्ट निगेटिव्ह आली की पुढे हंटाची कोणी करतं का, तेही विचाराच.

— एक वाचक, सांगली