बेंड कुठं फुटतो, ते संगणकाला विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या पुतणीनं परवा लॅपटॉप उघडून आपला प्रोजेक्ट दाखवला. काटकोनात वळलेला पाइप, त्यातून निघालेलं पाणी आणि हवा. पाणी निळं, हवा लाल. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला रेटलं जातं आणि हवेचे बुडबुडे आतल्या अंगाला गोळा होतात, ते पडद्यावर लख्ख दिसत होतं. मी विचारलं, हा पाइप कुठला? म्हणाली, "कुठला नाही काका, एका रिसर्च पेपरमधली मापं घेतलीत." त्या 'कुठला नाही'साठी हे पत्र.

मी 32 वर्षं साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो. बॉयलरची राख पाण्यातून वाहून नेणाऱ्या लाइनचे बेंड, म्हणजे पाइपचे वळणाचे तुकडे, ही आमची कायमची डोकेदुखी. सरळ पाइप वर्षानुवर्षं टिकायचा. बेंड ऐन सीझनमध्ये, तोही रात्रपाळीला फुटायचा. वेल्डरनं थिगळ लावलं की थिगळाच्या कडेला नवं भोक. शेवटी वैतागून एक बेंड उभा चिरून घेतला. पोटाकडची, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाची जाडी जवळपास नव्यासारखी, पाठीकडं, बाहेरच्या अंगाला, पत्रा ब्लेडसारखा. आणि भोक वळणाच्या मधोमध नव्हतंच, बाहेर पडायच्या तोंडाशी होतं. आम्ही इतकी वर्षं जाड पट्टी मारत होतो ती मधोमध!

पाइप वळला की मधला वेगवान प्रवाह बाहेरच्या भिंतीकडं सरकतो आणि भिंतीलगतचं संथ पाणी दोन्ही कडांनी आत परततं. असे जुळे भोवरे तयार होतात, याचं गणित डीन या ब्रिटिश गणितज्ञानं 1927 साली मांडलं. पण ते नुसत्या, शांत वाहणाऱ्या द्रवाचं. त्यात राख, वाळू, हवा मिसळली की कागद-पेन्सिल थकते. मग पाइपच्या पोकळीचे लाखो कप्पे पाडून प्रत्येकात किती पाणी, किती हवा, याचा हिशेब क्षणाक्षणाला संगणकानं ठेवायचा. बारीक राख भोवऱ्याबरोबर फिरते, जाड कण वळत नाही, सरळ पाठीवर आदळतो. वेग दुप्पट झाला तर ही झीज ढोबळमानानं चार ते आठ पट होते. पंप मोठा बसवताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

कोल्हापूरला हे परकं वाटायचं कारण नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यात मेटल ओतलं की आतली हवा बाहेर पडावी लागते. तीही द्रव आणि वायू अशा दोन फेजचीच गोष्ट. ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेची पोकळी, कुठं येईल ते ओतण्याआधी संगणकावर बघणारे कारखानदार आपल्याकडं आहेत. मग पाइपलाइनवाल्यांनीच वेल्डरच्या अंदाजावर का राहायचं? पैशाची सबबही चालत नाही. असा हिशेब करणारं ओपनफोम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते शिकायला आयआयटी मुंबईचा फॉसी उपक्रम विद्यार्थ्यांना मदत करतो.

रंगीत चित्राची मला भीतीही वाटते. ते चटकन पटतं. पुतणीला विचारलं, बुडबुड्याचं माप किती धरलंस? ती अडखळली. ते माप बदललं की हवा कुठं साठते तेही बदलू शकतं.

म्हणून आपल्या कॉलेजांच्या गाइड मंडळींना विनंती, की प्रोजेक्टची मापं पेपरातून न उचलता पावसाळ्यात मुलांना साखर कारखान्यांत पाठवा. तेव्हा गाळप बंद असतं, ओव्हरहॉलिंगला लाइन खोललेल्या असतात आणि जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र हातात मावतं. कारखान्यांनीही गेटवर अडवू नये. आधी संगणकानं भोकाची जागा सांगावी, मग बेंड मोजावा.

तो चिरलेला बेंड अजून माझ्या परड्यात पडून आहे. पुतणी रविवारी जाडी मोजायला व्हर्नियर घेऊन येते म्हणालीय.

— एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर, कोल्हापूर